मधली दोन वर्षं कुठे होता? आजार सांभाळत काम शोधणाऱ्यांसाठी अनुभव धागा

हा प्रश्न मला अकरा मुलाखतींत विचारलाय. मला बायपोलर आहे, म्हणजे मन कधी टोकाचं वर चढतं, कधी टोकाचं खाली जातं. निदान २०१६ साली झालं. त्यानंतरची दोन वर्षं बायोडेटात कोरी आहेत, आणि समोरच्याचं बोट नेमकं तिथेच थांबतं.

सोलापुरात हे बोलायचं तर कुणाजवळ? नात्यागोत्याचं गाव आपलं. चाटी गल्लीत सकाळी कळलेलं दुपारी साखर पेठेत पोचतं. म्हणून इथे लिहा. नाव नको, कंपनीचंही नको. काय विचारलं, तुम्ही काय सांगितलं, कुठे फसलं, कुठे जमलं, एवढंच. स्वतःचं नसेल तर घरातल्या माणसाचं लिहा.

सुरुवात मी करतो. मी केमिस्ट. बरा झाल्यावर चिंचोळी एमआयडीसीत लागलो, तीन पाळ्या होत्या. तिसऱ्या पाळीनं झोप मोडली आणि बायपोलरमध्ये झोप मोडली की पुढचं सगळं मोडायला वेळ लागत नाही. तिसऱ्या महिन्यात सोडलं. पुढच्या मुलाखतीत मी आजाराचं नाव घेतलं नाही, खोटंही बोललो नाही. म्हटलं, "तब्येतीमुळे दोन वर्षं थांबलो होतो, औषध चालू आहे. रात्रपाळी जमणार नाही, पगार थोडा कमी चालेल." साहेब काही बोलले नाहीत. लॅबमध्ये नेलं आणि टायट्रेशन करायला सांगितलं, म्हणजे काचेच्या नळीतून, ब्युरेटमधून, थेंब थेंब द्रावण सोडून मोजमाप. लिथियम हे माझं बायपोलरवरचं औषध, त्यानं हात थरथरतात. ब्युरेटची तोटी धरली तर काच टकटक वाजायला लागली. मग कोपर ओट्यावर टेकवलं, डाव्या हातानं मनगट धरलं आणि एकेक थेंब सोडत गेलो. फिकट गुलाबी रंग आला, तिथे थांबलो. आकडा बरोबर निघाला. सात वर्षं झाली, तिथेच आहे.

लिथियम घेणाऱ्यांनी एप्रिल-मेमध्ये मुलाखतींना फिरताना पाण्याची बाटली सोडू नका. आपल्याकडच्या उन्हात घाम जाऊन अंगातलं पाणी कमी झालं की रक्तातली लिथियमची पातळी चढते. थरथर वाढली, जुलाब लागले, बोलणं अडखळलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. डोकं दुखतंय म्हणून मेडिकलमधून कुठलीही पेनकिलरही घेऊ नका, काहींनी पातळी वाढते.

पूर्व भागातून, एक बहीण

माझ्या अण्णाला स्किझोफ्रेनिया आहे. आधी तो माग चालवायचा. खटखटाटात त्याला कुणीतरी नावानं हाक मारतंय असं वाटायचं आणि तो माग सोडून दारात जायचा. मालकापासून लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं, भर रस्त्यात ओरडलेला सगळ्या गल्लीनं पाहिला होता. उपचारानं आवाज पुष्कळ कमी झाले, पण सकाळी गोळीची गुंगी असायची. अशा माणसाला मागावर कसं उभं करायचं? आईनं जाऊन मालकांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "येऊ दे की त्याला. नाही जमलं त्या दिवशी घरी जाईल."

आता तो टॉवेलच्या घड्या घालतो. मोजताना मध्येच आवाज आला की आकडा विसरायचा, रडकुंडीला यायचा. मग त्यानंच मार्ग काढला. बारा टॉवेल झाले की खिशातल्या सुताला एक गाठ. संध्याकाळी गाठी मोजायच्या. डॉक्टरांना विचारून रात्रीची गोळी थोडी लवकर घ्यायला लागलो, सकाळची गुंगी उतरली. आठवड्याचा पगार आईच्या हातात देतो तेव्हा तिच्याकडे बघवत नाही मला.

शिलाई काम करणारी

डिप्रेशन आहे. युनिफॉर्मच्या कारखान्यात कॉलर लावते, पीसवर. वाईट दिवशी कमी पीस होतात, पैसे कमी मिळतात, पण कुणी जाब विचारत नाही. महिन्याच्या पगारापेक्षा मला हेच परवडतं. सुट्टीचे पैसे मात्र नाहीत, तेवढं धरून चाला.

जुळे सोलापूर, स्पर्धा परीक्षा

ओसीडी, म्हणजे मनात नसताना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा करायला लावणारा आजार, आठ वर्षं. उत्तरपत्रिकेतला गोळा काळा केला तरी पुन्हा पुन्हा त्यावर जायचो, कागद फाटेपर्यंत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजार धरलाय, हे मला फार उशिरा कळलं. सरकारी नोकरीतल्या ४ टक्क्यांपैकी १ टक्का स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता यांना मिळून आहे. त्यासाठी दिव्यांग प्रमाणपत्रावर किमान ४० टक्के लागतात. त्याचा अर्ज सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर करायचा, मग कागद घेऊन तपासणी. स्वतःची काळजी, माणसांशी वागणं, बोलणं-समजणं आणि काम, या चार बाबींवर गुण देतात, आजार किती वर्षं आहे तेही बघतात. जुने केसपेपर जपून ठेवा, माझे आईनं रद्दीत घातले होते.

घरात यावरून तीन महिने वाद झाला. आई म्हणायची, "दाखला निघाला की स्थळं येतील का?" तिचं चुकतं असं मी म्हणणार नाही. तिची भीती खरी आहे. पण वयाची मर्यादा माझी संपत होती. दाखला काढला.

पुण्याहून परत आलेली

पॅनिक अटॅक येतात, हे मी दुसऱ्याच आठवड्यात विश्वासानं एचआरला सांगितलं. शुक्रवारी राजीनामा लिहून घेतला. संध्याकाळची हुतात्मा एक्सप्रेस पकडून सोलापूरला आले, भिगवणपर्यंत रडत होते. दिव्यांग हक्क कायदा खासगी कंपन्यांनाही समान संधीचं धोरण ठेवायला सांगतो, हे तेव्हा माहीत असतं तर निदान सही करायच्या आधी थांबले असते. त्या रात्री १४४१६ लावला. टेली-मानस, सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, फुकट आहे, चोवीस तास. मराठीत बोलल्या बाई.

नवीन

वाचतेय सगळं. उद्या अकराला होटगी रोडला मुलाखत आहे. माझीही दोन वर्षं कोरी आहेत. पोटात गोळा आलाय.

धागा काढणारा

ताई, उत्तर आत्ताच कागदावर लिहा, तुमच्या शब्दांत, दोन वाक्यांत. मोठ्यानं तीनदा म्हणा. आजाराचं नाव सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा, समोरच्यानं नाही. मुलाखत आहे म्हणून आजची गोळी चुकवू नका. निघताना भाकरीचा तुकडा तरी खाऊन निघा. उद्या दुपारी साडेबाराला मी इथे बघतो.