मदत हवी आहे: गोव्याहून बेळगावला आलेल्या आजोबांची मिळकत, वारसा कुठल्या कायद्याने?

नमस्कार मंडळी. बेळगाव आणि गोवा, दोन्हीकडची वारसाची कामं पाहिलेलं कुणी असेल तर कृपया सांगा.

आईचे वडील मूळचे डिचोलीचे. १९६१ च्या आधीच, पोर्तुगीज अमलात, बेळगावात आले आणि रविवार पेठेत मिरची-गुळाची अडत घातली. पुढे शहापुरात घर, खानापूरकडे जमीन. डिचोलीचं कुळागर (माड-पोफळीची बाग) मात्र कधी विकलं नाही. तिथल्या देवस्थानच्या महाजनांत, म्हणजे वंशपरंपरागत सभासदांत, शेवटपर्यंत नाव होतं, जत्रेला न चुकता जायचे.

ते गेल्यावर मामांनी मृत्युपत्र काढलं. सगळं मामांना, आई आणि दोन्ही मावश्यांना काही नाही, आजीला फक्त पोटगी. कागद कानडीत टाइप केलेला, खाली आजोबांची मराठी सही. ते बाजारात कानडी फाडफाड बोलायचे, पण वाचता येत नव्हतं. ‘वाचून दाखवलं, समजलं’ हे वाक्यही कानडीतच आहे. एक साक्षीदार वारले, दुसरे मामांच्याच दुकानचे दिवाणजी.

२०२० चा मुलींच्या हक्काचा निकाल बरेच जण सुचवतात. तो वडिलोपार्जित मिळकतीचा. इथे सगळं स्वकष्टार्जित, आणि हिंदू वारसा कायद्याने ते मृत्युपत्र करून कुणालाही देता येतं. मामांचा सगळा जोर त्यावरच आहे.

पण आजी-आजोबांचं लग्न गोव्यात नोंदलेलं आहे. तिथल्या कायद्याने नवरा-बायकोची मिळकत निम्मी-निम्मी, आणि मुलं असताना आपल्या हिश्श्यातलाही अर्धाच मृत्युपत्राने देता येतो. उरलेला मुलांचा, मुलगा-मुलगी सारखेच. गोव्याचा अधिवास (कायद्याच्या नजरेतलं कायमचं घर) असेल तर बाहेरच्या मिळकतीलाही तोच कायदा, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये म्हटलंय. मामांचे वकील म्हणतात, रेशनकार्ड, मतदान सगळं बेळगावचं, अधिवास केव्हाच बदलला.

तर अधिवास बदलला नाही हे दाखवायला कुळागराचा एक-चौदाचा उतारा (गोव्यातला जमिनीचा उतारा, आपल्या सातबारासारखा) आणि महाजनकीची नोंद कितपत उपयोगी पडते? आजीचा अर्धा हिस्सा लग्नाच्या नोंदीवरून वेगळा मागता येईल का? दावा बेळगावात लावायचा की डिचोलीत?

खानापूरच्या जमिनीचा मामांनी विसार घेतलाय असं कळतंय, म्हणून स्थगितीची घाई आहे. आयुष्यभर त्या अडतीवर हमालांचं जेवण रांधलेल्या आजीचं राहत्या घरावरही नाव नाही, हे मला बघवत नाही. दोन्ही राज्यांत काम करणारे वकील माहीत असतील तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.