जुना लॅपटॉप: एसएसडी-रॅम टाकून चालवावा की बदलावा?

मंदगती

२०१६ मध्ये घेतलेला लॅपटॉप आहे. कोअर आय५-६२००यू, ४ जीबी डीडीआर४ रॅम, १ टीबीची ५४०० आरपीएम हार्ड डिस्क, १५.६ इंची फुल एचडी पडदा, विंडोज १० होम ६४-बिट (२२एच२). बटण दाबल्यापासून ब्राउझर वापरण्याजोगा होईपर्यंत साडेचार मिनिटं जातात.

काम एवढंच: ब्राउझरमध्ये दहा-बारा टॅब, व्हिडिओ मीटिंग आणि मॅक्रो असलेल्या एक्सेलच्या फायली. गेम नाहीत, व्हिडिओ एडिटिंग नाही. मीटिंग चालू असताना एक्सेल उघडलं की आवाज तुटतो. बॅटरी पाऊण तास पुरते.

एसएसडी (फिरती तबकडी नसलेली वेगवान डिस्क), रॅम आणि बॅटरी असं तिन्ही बदललं तर अजून तीन वर्षं निघतील का, की तो खर्च नव्या लॅपटॉपकडे वळवावा? स्टार्टअपमधले प्रोग्राम बंद केले आहेत, टेम्प फायली काढल्या आहेत, व्हायरस तपासणी झाली आहे. त्यापुढचं सांगावं ही विनंती.

पाना_पेचकस

काहीही विकत घेण्याआधी अर्धा तास मोजमापाला द्या. लॅपटॉप 'स्लो' होण्याची चार-पाच वेगवेगळी कारणं असतात आणि प्रत्येकाचा इलाज वेगळा आहे.

नेहमीचं सगळं काम उघडं ठेवून टास्क मॅनेजर सुरू करा (कंट्रोल-शिफ्ट-एस्केप) आणि परफॉर्मन्समध्ये डिस्क निवडा. 'ॲक्टिव्ह टाइम' १०० टक्क्यांना चिकटलेला आणि 'ॲव्हरेज रिस्पॉन्स टाइम' शेकडो मिलिसेकंद असेल, तर खोळंबा डिस्कवर आहे. ५४०० आरपीएमच्या तबकडीला एका फेरीला ११ मिलिसेकंद लागतात. हवी ती जागा डोक्याखाली यायला सरासरी अर्धी फेरी, आणि डोकं योग्य पट्टीवर न्यायला आणखी १२ च्या आसपास. म्हणजे विखुरलेल्या छोट्या फायली वाचायच्या असतील तर सेकंदाला जेमतेम ५०-६० वाचनं. साध्या साटा एसएसडीवर हाच आकडा हजारोंत असतो. विंडोज सुरू होताना अशीच हजारो छोटी वाचनं करते, त्यामुळे फरक प्रोसेसर बदलल्यासारखा वाटतो.

मग मेमरीच्या पानावर 'कमिटेड' (प्रोग्रामांनी मागितलेली एकूण मेमरी) बघा. तो आकडा बसवलेल्या रॅमपेक्षा बराच मोठा असेल तर उरलेला भार पेजफाइलमधून (रॅम अपुरी पडली की विंडोज वापरते ती फाइल) डिस्कवर जातोय. त्याच पानावर 'स्लॉट्स यूज्ड' आणि 'फॉर्म फॅक्टर' असतं. फॉर्म फॅक्टरपुढे 'रो ऑफ चिप्स' लिहिलं असेल तर ती रॅम बोर्डावर सोल्डर केलेली आहे, 'सोडिम' असेल तर सुटी पट्टी.

क्रिस्टलडिस्कइन्फो या डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये ०५, सी५ आणि सी६ या तीन ओळींच्या (खराब सेक्टरांच्या नोंदी) 'रॉ' किमती लिहून घ्या (आकडे हेक्समध्ये दिसतात, सेटिंगमधून दशमान करा). एचडब्ल्यूइन्फो या प्रोग्राममध्ये कामाच्या भरात प्रोसेसरचं तापमान आणि वेग टिपा. शेवटी कमांड प्रॉम्प्टमध्ये पॉवरसीएफजी, एक जागा सोडून तिरकी रेघ आणि तिला जोडून बॅटरीरिपोर्ट (अर्थात रोमन अक्षरांत) टाइप केलं की एक एचटीएमएल फाइल तयार होते. तिच्यातली 'डिझाइन कपॅसिटी' आणि 'फुल चार्ज कपॅसिटी' द्या.

बिटबाइट

मोजमाप हवंच, पण तुमच्या बाबतीत वेगाइतकाच मोठा प्रश्न विंडोजचा आहे. विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ साठी इंटेलच्या प्रोसेसरांची अधिकृत यादी मोजके अपवाद सोडले तर आठव्या पिढीपासून सुरू होते. ६२००यू सहाव्या पिढीचा आहे, तेव्हा टीपीएम २.० (विंडोज ११ ला लागणारी सुरक्षेची चिप) असला तरी तो यादीबाहेरच. तपासणी टाळून विंडोज ११ चढवता येतं, पण अशा मशीनला पुढचे अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. ज्या लॅपटॉपवर कामाच्या फायली आहेत तिथे मी तो रस्ता सुचवणार नाही.

वाढीव सुरक्षा अपडेट (ईएसयू) घेतले तर १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची सोय होते. सेटिंग्ज, मग विंडोज अपडेट, तिथेच नोंदणीची लिंक येते. २२एच२ आवृत्ती आणि मायक्रोसॉफ्ट खातं लागतं. तुमची आवृत्ती बरोबर आहे.

लिनक्स मिंट (विंडोजऐवजी टाकता येणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टिम) या हार्डवेअरवर उत्तम चालेल, पण तुमची अडचण मॅक्रो आहेत. लिब्रेऑफिस हे मोफत ऑफिस पॅकेज साधे व्हीबीए (एक्सेलच्या मॅक्रोंची भाषा) मॅक्रो चालवतं. फॉर्म, ॲक्टिव्हएक्स बटणं किंवा दुसऱ्या प्रोग्रामशी बोलणारे मॅक्रो मात्र बहुतेक अडकतात. लिब्रेऑफिस विंडोजवरही मोफत बसतं. तुमच्या तीन सर्वांत किचकट फायली त्यात उघडून प्रत्येक मॅक्रो चालवून बघा. तीन वर्षं निघतील की नाही, याचं निम्मं उत्तर तिथेच मिळेल.

मंदगती

आकडे घेतले. मीटिंग, एक्सेल आणि आठ टॅब उघडे असताना:

डिस्क ॲक्टिव्ह टाइम ९८ ते १००, रिस्पॉन्स ६०० ते १४०० मिलिसेकंद. कमिटेड ७.४ जीबी. स्लॉट २ पैकी १ वापरात, सोडिम. ०५ ची किंमत ८, सी५ ची २४, सी६ ची ०. तापमान ९७ अंश, आणि वेग २.७ वरून १.३ गिगाहर्ट्झपर्यंत घसरतो. बॅटरी: डिझाइन ४१,००० मिलिवॉट-तास, फुल चार्ज १४,२००.

मॅक्रोंपैकी दोन फायली लिब्रेऑफिसमध्ये चालल्या. तिसरीतला फॉर्म उघडतच नाही.

पाना_पेचकस

सी५ = २४ हे या यादीतलं सर्वांत महत्त्वाचं. हे असे सेक्टर (डिस्कवरचे छोटे कप्पे) आहेत जे डिस्कला वाचता आले नाहीत आणि ज्यांच्या जागी राखीव सेक्टर अजून लावलेले नाहीत. म्हणजे डिस्क बिघडत चालली आहे. १४०० मिलिसेकंदांच्या थांब्याचं थोडं कारण हेही असणार, कारण अडलेला सेक्टर डिस्क पुन्हापुन्हा वाचत बसते.

तेव्हा बाकी सगळं बाजूला ठेवा आणि आज फायली बाहेरच्या डिस्कवर काढा. ज्या पुन्हा मिळणार नाहीत त्या आधी, डाउनलोड केलेलं नंतर. कॉपी पूर्ण होईपर्यंत डीफ्रॅग करू नका, चेकडिस्कची दुरुस्तीही चालवू नका. दोन्ही पूर्ण डिस्क पिंजून काढतात, आणि मरायला टेकलेली डिस्क त्यातच बसू शकते. एखादी फाइल अडली तर ती सोडून पुढे जा, तिच्यासाठी शेवटी परत या.

याच कारणाने क्लोनिंगही (जुनी डिस्क जशीच्या तशी नव्या डिस्कवर उतरवणं) नको. साधी क्लोनिंग सॉफ्टवेअर खराब सेक्टरवर थांबतात, किंवा तिथला डेटा गाळून पुढे जातात. मग नव्या एसएसडीवर अर्धवट बिघडलेली विंडोज येते आणि दोष एसएसडीला लागतो. मायक्रोसॉफ्टच्या मीडिया क्रिएशन टूलने ८ जीबी किंवा मोठ्या पेनड्राइव्हवर इन्स्टॉलर बनवा आणि कोरी विंडोज टाका.

एसएसडी २.५ इंची साटा, जाडी ७ मिमी. हार्ड डिस्कची जागा ९.५ मिमीची असेल तर प्लॅस्टिकची चौकट लावा, नाहीतर कनेक्टर हलत राहतो. ५०० जीबी घ्या. १२० आणि २४० मध्ये विंडोज, तिचे अपडेट आणि तुमच्या फायली मावल्या तरी जागा काठोकाठ भरते, आणि भरलेली एसएसडी लिहिताना मंदावते. १०-१५ टक्के कायम मोकळी ठेवा.

आत एम.२ स्लॉट (पट्टीसारख्या कार्डाची खाच) दिसला तर घाईने एनव्हीएमई (साटापेक्षा वेगवान जातीची एसएसडी) घेऊ नका. त्या काळातल्या बऱ्याच लॅपटॉपांत तो स्लॉट फक्त साटाचा असतो, एनव्हीएमई त्यात दिसतच नाही. सर्व्हिस मॅन्युअल बघूनच ठरवा. वायफाय कार्डही एम.२ मध्येच असतं, आखूड स्लॉट दिसला तर तो त्याचा.

उघडताना: लॅपटॉप पूर्ण बंद, चार्जर काढलेला, झाकण निघाल्यावर पहिलं काम बॅटरीचा कनेक्टर सोडवणं. स्क्रू कागदावर त्यांच्या जागेचं चित्र काढून त्यावरच ठेवा. लांब स्क्रू आखूड स्क्रूच्या भोकात गेला तर कीबोर्डच्या बाजूने प्लॅस्टिक फुगवतो किंवा बोर्डावरची रेघ तोडतो. कुठे फितीचा कनेक्टर असेल तर त्याची कुलपी आधी उघडा. फीत तशीच ओढली तर ती फाटू शकते.

थंडपंखा

९७ अंशांकडे दुर्लक्ष करू नका. या प्रोसेसरची मर्यादा १०० अंश आहे आणि तिथे पोचायच्या बेतात आला की तो स्वतःच वेग पाडतो. मूळ वेग २.३ चा, तुमचा १.३ वर उतरतोय. एसएसडी बसवूनही मीटिंगमध्ये आवाज तुटतच राहील, कारण ते काम प्रोसेसरचं आहे.

वरून जाळी साफ दिसते, पण धूळ बसते पंखा आणि तांब्याच्या पात्यांच्या मधल्या फटीत, नमद्यासारखी. बाहेरून हवा मारली तर ती आणखी आत दाबली जाते. पंख्याचे स्क्रू काढून ती चिमट्याने अख्खी उचला. हवा मारताना पाती बोटाने धरून ठेवा, नाहीतर पंखा भलत्या वेगाने फिरून बेअरिंग जातं.

दहा वर्षांची थर्मल पेस्ट खडूसारखी सुकलेली असेल. ९० टक्क्यांहून जास्त आयसोप्रोपिल अल्कोहोलने दोन्ही पृष्ठभाग पुसा. या चिपवर धातूचं झाकण नाही, उघडं सिलिकॉन आहे आणि त्याचे कोपरे नाजूक असतात, तेव्हा खरवडू नका. पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी पुरते. हीटसिंकच्या स्क्रूंवर बहुधा १ ते ४ आकडे असतात. त्याच क्रमाने प्रत्येकाला थोडेथोडे पिळे देत आवळा, एक पूर्ण आवळून दुसऱ्याकडे जाऊ नका. कुठे रबरासारखा थर्मल पॅड असेल तर त्या जागी पेस्ट चालत नाही, तिथली फट पेस्टने भरत नाही.

झाकण उघडलंच आहे तर बॅटरीकडेही बघा. कुठे फुगवटा दिसला, किंवा टचपॅड वर आल्यासारखा वाटत असेल, तर ती वापरणं ताबडतोब थांबवा. टोचू नका, दाबून सपाट करू नका, ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या. फुगलेली नसेल तर ३५ टक्के क्षमतेवर चार्जर लावून चालवायला काही हरकत नाही.

आणखी एक. सहाव्या पिढीत व्हीपी९ (यूट्यूब वापरतं ती व्हिडिओ दाबण्याची पद्धत) व्हिडिओ पूर्णपणे हार्डवेअरमधून उलगडण्याची सोय नाही, ती सातव्या पिढीत आली. त्यामुळे यूट्यूबवर प्रोसेसर उगाच तापतो. ब्राउझरमध्ये एच२६४ची (या चिपला हार्डवेअरमधून जमणारी पद्धत) सक्ती करणारं एक्स्टेन्शन टाका.

बिटबाइट

आता निर्णय. तुम्ही तीन वर्षं आणि तीन सुटे भाग म्हणाला होतात, माझं मत तिन्हीच्या तिन्ही घेण्याची गरज नाही असं आहे. प्रत्येक भागाला एकच प्रश्न विचारा: हा पुढच्या मशीनबरोबर येईल का?

एसएसडी येईल. यूएसबी ३ च्या डबीत घातली की ती उत्तम बॅकअप डिस्क होते. डिस्क बिघडलेली असल्याने ती तशीही घ्यायलाच हवी. पेस्ट आणि सफाईला नगण्य खर्च आहे. बॅटरी मात्र याच मॉडेलची, दुसरीकडे कुठेच बसणार नाही, आणि जुन्या मॉडेलला मिळणाऱ्या बॅटऱ्या वर्षानुवर्षं गोदामात पडून क्षमता घटलेल्या असू शकतात. ती सोडा.

रॅम मधली गोष्ट आहे. नवे लॅपटॉप डीडीआर५ किंवा सोल्डर केलेल्या रॅमचे, त्यामुळे डीडीआर४ पट्टी तिकडे जाणार नाही. पण तुमचा कमिटेड ७.४ आहे, ४ जीबीवर एसएसडीसुद्धा सतत पेजफाइलने झिजेल. रिकाम्या स्लॉटात ८ जीबीची एकच पट्टी टाका, शक्य तर वापरलेली. वेग कितीही लिहिलेला असो, या प्रोसेसरवर ती २१३३ वरच चालेल. ४ + ८ = १२ मध्ये पहिले ८ जीबी ड्युअल चॅनेलने (दोन्ही पट्ट्या एकदम वापरून, जास्त वेगाने) चालतात, उरलेले ४ सिंगलने. पट्टी तिरकी आत सरकवून खाली दाबा, दोन्ही बाजूंच्या पकडी टक् वाजल्या पाहिजेत. त्यानंतर पहिल्यांदा चालू करताना पडदा मिनिटभर काळा राहिला तर घाबरून बटण दाबू नका.

एवढं करून ईएसयू संपेपर्यंत निश्चिंत वापरा. त्यानंतर मॅक्रोंसाठी दुसरं मशीन लागेलच. हा मग मिंट टाकून मीटिंग आणि ब्राउझरसाठी ठेवता येईल. दुसरं मशीन वापरलेलं घेणार असाल तर आठव्या पिढीच्या खाली जाऊ नका. विंडोज ११ हे एक कारण. दुसरं असं की यू मालिकेतल्या आय५ ला तिथे दोनाऐवजी चार कोअर मिळाले, आणि तुमच्या मीटिंग-अधिक-एक्सेलला नेमके तेच हवेत. घेताना बायोसचा पासवर्ड किंवा आधीच्या संस्थेचं कुलूप नाही ना, हे समोर चालू करून बघा.

पाना_पेचकस

रॅमबाबत सहमत. फक्त क्रम असा ठेवा: एसएसडी आणि सफाई एकाच दिवशी, रॅम आठवड्याने. दोन्ही एकदम बदललं आणि मशीन चालू झालं नाही तर दोष कशात हे शोधत बसावं लागतं.

मंदगती

कॉपी सुरू केली आहे, दोन फायली अडल्या, बाकी निघतंय. एक शंका: कोरी विंडोज टाकल्यावर ॲक्टिव्हेशनचं काय? माझ्याकडे प्रॉडक्ट कीचा कागद नाही.

पाना_पेचकस

लागणार नाही. लॅपटॉप विंडोज घालून आला असेल तर की बहुधा बोर्डाच्या फर्मवेअरमध्येच असते, आणि डिजिटल परवानाही मदरबोर्डला बांधलेला असतो, डिस्कला नाही. इन्स्टॉल करताना होम हीच आवृत्ती निवडा, की विचारली तर 'माझ्याकडे की नाही' म्हणा, इंटरनेट जोडलं की आपोआप ॲक्टिव्हेट होईल. एक्सेलचं तसं नाही. त्याचा परवाना कोणत्या खात्यावर आहे हे जुनी डिस्क काढायच्या आधी 'फाइल'मधल्या 'अकाउंट'मध्ये बघून ठेवा. आणि त्या दोन अडलेल्या फायलींसाठी जुनी डिस्क फॉरमॅट न करता जपून ठेवा. नंतर यूएसबीला लावून लिनक्समधल्या डीडीरेस्क्यूने तिची पूर्ण इमेज दुसऱ्या डिस्कवर घेता येते. हा प्रोग्राम आधी सुस्थितीतला भाग उचलतो आणि अडलेले सेक्टर शेवटी पुन्हापुन्हा वाचून बघतो.