एच६१ बोर्डचा बायोस: आय५-३४७० बसवण्याआधी अपडेट लागेल का?

मनीषनगर_पीसी: गीगाबाइटचा एच६१ मदरबोर्ड, आय३-२१०० प्रोसेसरवर नीट चालून राहिला. बर्डीवर (सीताबर्डी बाजारात) सेकंडहँड आय५-३४७० मिळतोय. दुकानदार म्हणतो सॉकेट (प्रोसेसर बसतो ती जागा) ११५५च आहे, बसवा अन् चालवा. बायोसची (बोर्ड सुरू करणाऱ्या प्रोग्रामची) तारीख २०११ची. घरी यूपीएस नाही.

संत्रानगरी_टेक: अपडेट लागेल, भाऊ. सॉकेट एकच, पण ३४७० इंटेलच्या पुढच्या, आयव्ही ब्रिज पिढीचा आहे, २०१२चा. २०११चा बायोस त्याला ओळखत नाही. पंखा फिरतो, स्क्रीन काळी राहते. म्हणून २१०० जागेवर असतानाच फ्लॅश करा, म्हणजे नवा बायोस चिपवर लिहा.

बोर्डच्या कोपऱ्यात छापलेला रेव्हिजन नंबर आधी पाहा. मॉडेल तेच असून रेव्हिजननुसार फाइल वेगळी असते, बहुतेक जण इथंच फसतात. कंपनीच्या सीपीयू सपोर्ट यादीत ३४७० समोर जी आवृत्ती लिहिली आहे ती किंवा तिच्या पुढची घ्या. त्या आवृत्तीखालची सूचनाही वाचा. काही बोर्डांना एमई फर्मवेअर (इंटेल चिपसेटचा आतला प्रोग्राम) ७ वरून ८ वर न्यावं लागतं. फाइल एफएटी३२ पेनड्राइव्हवर, सुरू होताना एंड की दाबून क्यू-फ्लॅश (गीगाबाइटचं बायोस अपडेटचं साधन), पहिले जुना बायोस सेव्ह, मग अपडेट. विंडोजमधून करूच नका.

वऱ्हाडी_सोल्डर: यूपीएस उसना आणा. नागपूरच्या उन्हाळ्यात कूलर-एसीच्या लोडनं दुपारी लाइट कधी जाईल, भरवसा नाही.

आणि साटा मोडचा (डिस्क एएचसीआय पद्धतीनं चालवायची की आयडीई, ती बायोसमधली सेटिंग) मोबाइलवर फोटो काढून ठेवा. फ्लॅशनंतर डिफॉल्ट लोड केले की एएचसीआयचं आयडीई होऊ शकतं, मग विंडोज निळ्या स्क्रीनवर अडकतं अन् शिव्या बायोसला बसतात. बोर्डवरचा सीआर२०३२ सेल जुना असेल तर त्याच वेळी बदला. ३४७० हा ७७ वॅटचा, २१०० हा ६५चा. इथल्या गर्मीत तोच बारका कूलर ठेवू नका.

मनीषनगर_पीसी: अपडेट मधेच बंद पडलं तर?

संत्रानगरी_टेक: ड्युअल बायोस (बोर्डवर बायोसची दुसरी चिप) असेल तर बॅकअप चिपवरून उठतो, पण त्यात जुनीच आवृत्ती असते. म्हणजे ३४७० पुन्हा चालणार नाही. २१०० इतक्यात विकू नका.

वऱ्हाडी_सोल्डर: ड्युअल बायोसही नसेल तर सीएच३४१ए प्रोग्रामर (चिपवर थेट लिहिणारं यूएसबी यंत्र) आणि ८ पायांची क्लिप. पॉवर केबल आणि सेल काढून, लाल वायर चिपवरच्या टिंबाकडे. चिप दोनदा वाचा, दोन्ही फाइली तंतोतंत जुळल्या तरच लिहा. काळ्या सीएच३४१एच्या डेटा लाइनवर बहुतेकदा ५ व्होल्ट येतात, चिप मात्र ३.३ची, मीटर लावून बघा.