घरी बांधलेली लाकडी मासेटाकी : आपले अनुभव लिहा

जलचर
माळा आवरताना जुन्या लाकडी टाकीची दर्शनी चौकट हाती लागली. तिच्या आतल्या कडेवरचा, काच चिकटवणाऱ्या सिलिकॉनचा थर अजूनही लवचिक आहे आणि नखाने उचकटत नाही, हे पाहून तो सगळा उद्योग आठवला, म्हणून हा धागा. तीन बाजू आणि तळ प्लायवूडचा, फक्त समोर काच, अशी टाकी ज्यांनी स्वतः बांधली असेल त्यांनी जरूर लिहावे.

सुरुवात मीच करतो. टाकी आतून 120 सेंमी लांब व 60 सेंमी रुंद होती आणि पाण्याची उंची 60 सेंमी ठेवायची होती. म्हणजे 432 लिटर पाणी आणि तितक्याच किलोंचे वजन. घरची मंडळी या आकड्याला घाबरली. मला मात्र काचेवरच्या रेट्याची चिंता अधिक होती. पाण्याचा दाब खोलीवर ठरतो, टाकीच्या रुंदीवर नाही. त्या काचेवर एकूण रेटा सुमारे 216 किलो वजनाइतका येत होता. उंची निम्मी केली असती तर तो निम्म्यावर नव्हे, पावपट, म्हणजे 54 किलोंवर आला असता. त्यामुळे काच चौकटीच्या आतून बसवायची हे ठरूनच गेले, कारण मग पाणीच तिला चौकटीवर दाबून धरते. बाहेरून लावलेल्या काचेला तेच पाणी रात्रंदिवस ढकलत राहते आणि सगळा भार चिकटवणीवर येतो.

सुतारपक्षी
जलचरराव, हिशेब उत्तम मांडलात. लाकूडकामाविषयी थोडे लिहितो. मी 18 मिमीचा मरीन प्लाय वापरला. त्याचे थर जोडणारा डिंक पाण्याला दाद देत नाही, पण लाकूड पाणी पितेच, आणि ते कापलेल्या कडांमधून सर्वाधिक पिते. म्हणून जोडणीपूर्वी प्रत्येक कडेला इपॉक्सी (दोन द्रव मिसळले की कडक होणारी राळ) पाजून घेतले. पहिला हात तर दिसेनासाच होतो. स्क्रू स्टेनलेस स्टीलचे घ्यावेत आणि पितळेचे कटाक्षाने टाळावेत, कारण तांब्याचा अंशही कोळंबी आणि गोगलगायींना सोसत नाही. वरच्या कडेला आतून चारही बाजूंनी रुंद पट्टी द्यावी, नाहीतर पाणी भरल्यावर लांब बाजू मध्यभागी फुगते. सुतारकाम नीटनेटके हवे, पण पाणी अडवण्याचे काम लाकडाकडे नाहीच. त्याने फक्त आकार धरून ठेवायचा.

गप्पी
सुतारपक्षी यांच्या शेवटच्या वाक्याशी मी पूर्ण सहमत आहे. पाणी अडवतो तो आतला इपॉक्सीचा थर, आणि तो हमखास तडकतो ते कोपऱ्यांत, कारण इपॉक्सी कडक असते आणि सांधा किंचित हलतो. यावर उपाय असा, की इपॉक्सीत लाकडाची अगदी बारीक पूड कालवून तिने आतले कोपरे गोलसर भरून घ्यावेत आणि त्यांवर फायबरग्लासच्या कापडाची पट्टी ओल्या इपॉक्सीत बसवावी. कापड पूर्ण भिजले की पांढरेपणा जाऊन ते पारदर्शक होते. जिथे पांढरा ठिपका राहिला, तिथे हवा अडकली आहे असे समजावे.

आणखी एक गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. हा हात सकाळी दिला, तर दिवस तापू लागताच लाकडातली हवा प्रसरण पावते आणि थरातून बुडबुडे काढत वर येते. प्रत्येक बुडबुड्यामागे सुईच्या अग्राएवढे छिद्र राहते आणि पाण्याला तेवढे पुरते. हवा गार होत असताना, म्हणजे संध्याकाळी काम केले, की हा त्रास जवळजवळ उरत नाही. मिश्रण भांड्यात फार वेळ साठवून ठेवू नये. ते आपोआप तापते आणि हातातच घट्ट होते.

निवांत
सध्या एका हाताने पोळ्या लाटत असल्याने थोडक्यात लिहिते. मी इपॉक्सीच्या वाटेला गेलेच नाही, तलावांच्या अस्तरासाठी मिळणारे द्रवरूप रबर वापरले. ते लाकडाबरोबर ताणले जाते, त्यामुळे तडकण्याची भीती कमी.

गप्पी
निवांतताई, सोय खरी, पण काच चिकटवायच्या पट्टीवर काय केलेत? सिलिकॉन अशा रबरावर भरवशाने धरत नाही.

निवांत
तेवढी पट्टी इपॉक्सीचीच ठेवली आणि रबर तिच्या अलीकडे थांबवले. दोन्हींची सीमा मात्र चांगली चार बोटे एकमेकांवर चढवावी लागते.

काचबिंदू
(नाव चेष्टेने घेतले आहे, दृष्टी ठणठणीत आहे.) काच बसवण्याचा क्रम मी सविस्तर लिहितो, कारण इथे घाई चालत नाही. आधी इपॉक्सी पूर्ण वाळू द्यावे. सिलिकॉनवर नंतर इपॉक्सी धरत नाही, म्हणून हा क्रम उलटा करता येत नाही. वाळलेल्या इपॉक्सीवर कधीकधी मेणचट साय येते. ती साध्या पाण्याने घासून धुवावी, मगच पॉलिश पेपर मारावा, नाहीतर ती साय थरात घासली जाते. त्यानंतर टाकी तोंडावर पालथी घालावी, म्हणजे चौकट जमिनीकडे येते आणि काच मागच्या बाजूने आत सोडता येते. माझ्या टाकीची मागची बाजू त्यासाठीच सर्वांत शेवटी जोडली होती. चौकटीवर काळ्या सिलिकॉनची अखंड जाड वळी द्यावी आणि काच दोघांनी दोन टोकांना धरून सरळ खाली टेकवावी. मध्ये 3 मिमी जाडीचे रबराचे तुकडे ठेवले होते, त्यामुळे काचेच्या वजनाने सगळे सिलिकॉन बाहेर पिळून निघाले नाही. बाहेरून पाहताना काळी पट्टी सलग दिसली पाहिजे. चंदेरी चकाकी दिसली तर तिथे पोकळी आहे.

बुरशीरोधक औषध असलेले सिलिकॉन माशांसाठी वापरू नये. टफन्ड (तापवून कणखर केलेली) काच घेणार असाल तर माप पुन्हा तपासा, कारण ती नंतर कापता येत नाही.

जलचर
ती चंदेरी चकाकी अगदी ओळखीची आहे! सिलिकॉन येण्यापूर्वी लोक काय करत असतील, याचे नवल वाटते.

सुतारपक्षी
धातूच्या चौकटीत लांबी (पुटी) भरून काच बसवत. लंडनच्या प्राणिसंग्रहालयातले लोकांसाठी खुले झालेले मत्स्यालय 1853 चे आहे, म्हणजे सिलिकॉनविना हे सारे बराच काळ चालले. लांबी वाळून आक्रसली की टाकी पाझरू लागे, त्यामुळे टाकी कोरडी ठेवणेच धोक्याचे मानत.

पाणकोंबडी
सध्या माझी टाकी वाळते आहे आणि घरभर व्हिनेगरचा वास आहे. पाणी कधी भरावे?

काचबिंदू
तो वास सिलिकॉन घट्ट होतानाचा आहे. ते हवेतला ओलावा घेऊन बाहेरून आत घट्ट होत जाते, दिवसाला साधारण 2 ते 3 मिमी. जाड वळीला आठवडा द्या. काचेजवळ नाक नेऊनही वास आला नाही, की भरा.

गप्पी
एकदम भरू नका, पाणकोंबडीताई. पाणसळीत ठेवलेल्या टाकीखाली वर्तमानपत्र पसरा, पाव टाकी भरा, रात्रभर थांबा, मग पुढचे पाव. कागदावर डाग उमटला तर त्याच्या कडा पाहा. गार पाण्यामुळे काचेवर जमलेले दव ओघळले, तर डाग काचेखाली लांबट पडतो. गळती एका जागी गोल पसरत जाते. पहिले पाणी फेकून द्या आणि माशांची घाई करू नका, गाळणीत माशांची घाण पचवणारे जिवाणू स्थिरावायला वेळ लागतो.

निवांत
झाकणाखालची वरची कड मात्र बाहेरूनही रंगवून घ्या. वाफ तिथेच साठते आणि प्लाय तिथूनच सुटू लागतो.