मदत हवी आहे : घराच्या रक्षणासाठी पिस्तूल घ्यावं की शॉटगन?

नमस्कार मंडळी,

घरात बंदूक असावी की नसावी हा वाद या धाग्यावर शक्यतो नको (होणार आहे, माहीत आहे मला). आमच्याकडे तो सहा महिने चालून मिटला. आम्ही भारताबाहेर राहतो; इथल्या कायद्याप्रमाणे परवाना, तपासणी, कागदपत्रं सगळं रीतसर झालंय. गाडी अडलीय ती निवडीपाशी.

पार्श्वभूमी थोडक्यात. काही महिन्यांपूर्वी रात्री दोनच्या सुमारास कुणीतरी आमचं मागचं दार पहारीने उचकटायचा प्रयत्न केला. कडी टिकली, माणूस पळाला. सकाळी चौकटीवर दोन खाचा दिसल्या, त्यातली एक अंगठ्याचं पेर बसेल एवढी खोल. अजून बुजवलेली नाही. येता-जाता माझा हात आपोआप तिथे जातो.

घर एकमजली. लांबट बोळ, एका टोकाला आमची झोपायची खोली, दुसऱ्या टोकाला मागचं दार. मी, बायको, नऊ वर्षांची मुलगी आणि आई. आई एकाहत्तर वर्षांची, बोटांना संधिवात. आतल्या भिंती जिप्सम बोर्डाच्या, दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा इंच बोर्ड आणि मध्ये पोकळ.

ओळखीच्या एकांसोबत नेमबाजीच्या रेंजवर चार वेळा जाऊन आलो. बारा बोअरची पंप शॉटगन (नळीखालची मूठ मागे-पुढे ओढून पुढचं काडतूस भरायची) चालवली. पाचव्या काडतुसाला खांद्याने निषेध नोंदवला. बायकोने एकच बार काढला आणि न बोलता बंदूक खाली ठेवली. मग वीस बोअर बघितली, ती दोघांनाही झेपली. (अवांतर : बोअरचा आकडा मोठा तितकी नळी बारीक, हे उलटं का ते तिथेच कळलं. एक पौंड शिशाचे बारा सारखे गोळे केले तर त्यातला एक ज्या नळीत बसेल ती बारा बोअर, साधारण १८.५ मिलिमीटर. वीस गोळे केले तर अर्थातच लहान, १५.६ मिलिमीटर.) त्यानंतर ९ मिलिमीटरचं सेमी-ऑटोमॅटिक पिस्तूल, एक .३८ रिव्हॉल्व्हर. एकाने छोटी रायफलच घ्या असंही सुचवलं.

माझं मत वीस बोअरकडे झुकलं होतं. डोक्यात हिशेब साधा : शॉटगनचे छर्रे पसरतात, नेम फार धरावा लागत नाही आणि भिंतीतून पलीकडे जाणार नाहीत.

मग परवा बायकोने विचारलं, "आणि नेम चुकला तर?"

मी खोलीच्या दारात उभा राहिलो, रिकामा हात पुढे केला आणि बोटाच्या रेषेत बघितलं. समोर मागचं दार. त्याच्या उजवीकडे चार फुटांवर मुलीच्या खोलीची भिंत. त्या भिंतीला टेकून तिचा पलंग.

तर प्रश्न असे. भिंतीतून आरपार जाणार नाही पण कामाची असेल अशी बंदूक-काडतुसाची जोडी आहे का? आम्हा दोघांना आणि वेळ पडली तर आईलाही चालवता येईल असं काय आहे? आणि मुलीच्या हाती लागणार नाही, पण मला पटकन मिळेल, हे दोन्ही कसं साधायचं?

जाणकारांनी प्रकाश टाकावा.

प्रतिसाद १

वाचतोय. माझं मत विचाराल तर आधी ती चौकट बदला. कडीची पट्टी बहुतेकदा आखूड स्क्रूंवर असते, पहारीला तेवढं पुरतं. तीन इंची स्क्रू मारा, म्हणजे चौकटीच्या मागच्या लाकडात जातील. बाकी चालू द्या.

प्रतिसाद २

पहिल्या प्रश्नाचं उत्तर : नाही. अशी जोडी नाही. पंधरा वर्षं रेंजवर शिकवतोय, दर महिन्याला हा प्रश्न येतो.

१९८६ साली मायामीत एफबीआयची (अमेरिकेची केंद्रीय तपास यंत्रणा) दोन दरोडेखोरांशी मोठी चकमक झाली. एजंटच्या पिस्तुलाची गोळी एका दरोडेखोराच्या दंडातून छातीत शिरली, पण हृदयापर्यंत पोचली नाही. तो माणूस त्यानंतरही लढत राहिला आणि दोन एजंट गेले. तेव्हापासून त्यांनी मोजमाप ठरवलं : जिलेटिनच्या (मांसासारख्या मऊ) ठोकळ्यात गोळी किमान बारा आणि जास्तीत जास्त अठरा इंच जायला हवी. आता तुम्हीच सांगा, बारा इंच जाणारी गोळी अर्ध्या इंचाच्या दोन बोर्डांनी अडेल का? गोळीच्या दृष्टीने तुमची भिंत म्हणजे जाड पडदा. ९ मिलिमीटरची गोळी अशा अनेक भिंती पार करते. शॉटगनचे मोठे छर्रेही करतात. रायफलची हलकी .२२३ गोळी वाटेत कोलांट्या खाते, तिचे तुकडे होतात, त्यामुळे ती पुष्कळदा आधी दमते. पण पहिली भिंत तीही ओलांडतेच. पक्ष्यांवर मारायचे बारीक छर्रे लवकर थांबतात हे खरं. अडचण एवढीच की ते माणसातही वरवरच थांबतात.

दुसरं, "नेम धरावा लागत नाही" हे डोक्यातून काढून टाका. तुमच्या बोळाच्या लांबीत छर्रे पसरून पसरून तळहाताएवढे पसरतील. नेम पिस्तुलाइतकाच धरावा लागतो. वर बारा बोअरच्या मोठ्या छऱ्यांच्या एका काडतुसात आठ-नऊ छर्रे, प्रत्येक साधारण ८.४ मिलिमीटरचा, आणि त्यातला प्रत्येक कुठे गेला याचे जबाबदार तुम्ही. पंपचा खडखडाट ऐकूनच चोर पळतो म्हणतात. पळेलही. त्यावर बेत आखू नका. घाबरलेला माणूस पंप अर्धवट ओढतो आणि बंदूक अडकवून बसतो, हे मी कितीतरी वेळा बघितलंय.

काडतूस बदलून हा प्रश्न सुटत नाही, कोन बदलून सुटतो. मुलीचा पलंग हलवा. त्याहून बरं म्हणजे आधी मुलीला तुमच्या खोलीत आणा, दार लावा, पोलिसांना फोन लावा आणि दाराकडे तोंड करून आतच थांबा. घरभर शोधत फिरणं हे प्रशिक्षित लोकांचं काम आहे आणि तेही ते एकट्याने करत नाहीत.

आता तुम्हीच ठरवा. मुलीचा हात एका हातात, फोन कुठेतरी, टॉर्च कुठेतरी, अशा वेळी दोन्ही हात लागणारी शॉटगन कशी सांभाळणार? पिस्तूल एका हातात राहतं. पण पिस्तुलाने नीट नेम लावणं या सगळ्यांत अवघड, तेव्हा दर महिन्याला सराव करणार नसाल तर पिस्तूल घेऊ नका.

धागाकर्ता

@प्रतिसाद २, मनापासून धन्यवाद. पलंग आजच हलवला. मुलीला खोली "नवी" झाल्याचा आनंद. आईबद्दल कुणी सांगू शकेल का?

प्रतिसाद ३

मी सांगते. वय त्रेसष्ट, दोन्ही अंगठ्यांचे सांधे झिजलेले.

पिस्तुलाची स्लाइड (नळीवरचा सरकता भाग, पहिली गोळी भरायला तो मागे न्यावा लागतो) ओढता येत नाही म्हणून मी पहिल्या दिवशी रडकुंडीला आले होते. शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, ओढू नका, ढकला. पिस्तूल पोटाजवळ घ्यायचं, नळी समोर सुरक्षित दिशेला, डावा तळवा स्लाइडवर पूर्ण दाबून धरायचा आणि उजव्या हाताने मूठ पुढे लोटायची. चिमटीने नाही, सगळ्या पंजाने. जमलं की!

"बाईमाणसाला छोटं .३८० (९ मिलिमीटरहून कमी जोराच्या काडतुसाचं) द्या" म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. पुष्कळशा छोट्या .३८० पिस्तुलांत स्लाइड निव्वळ स्प्रिंगच्या जोरावर धरलेली असते, त्यामुळे ती स्प्रिंग ९ मिलिमीटरच्या मोठ्या पिस्तुलाहून कडक लागते. मुद्दाम हलकी स्लाइड केलेली पिस्तुलं निघालीत, स्मिथ अँड वेसनने २०१८ मध्ये .३८० मध्ये तसं एक काढलं; पण प्रत्येक हाताने स्वतः ओढून बघितल्याशिवाय ठरवू नये. रिव्हॉल्व्हरला स्लाइडच नसते म्हणून लोक तो सुचवतात. त्याचा चाप ओढायला मात्र दहा-बारा पौंडांचा जोर लागतो, म्हणजे पाच किलोच्या आसपास. माझ्या बोटाने तिसऱ्या बाराला संप केला. आणि रिव्हॉल्व्हर जितका हलका तितका हाताला जास्त झणका देतो.

आता न विचारलेलं. तुमच्या आईंना हे हवंय का? विचारलंत का त्यांना?

प्रतिसाद ४

या विषयावर लिहायचं नाही असं ठरवलं होतं.

तीन वर्षांपूर्वी रात्री दीडला पुढच्या खोलीत खुडबुड ऐकली. पिस्तूल घेऊन गेलो, अंधारातच. समोर पाठमोरी आकृती, डोक्यावर टोपी, खाली वाकून काहीतरी शोधत होती. मी ओरडलो. ती वळली. "बाबा, चार्जर कुठाय?"

मुलगा परीक्षा संपवून एक दिवस आधी आला होता. स्वतःच्या किल्लीने आत आला, आम्हाला उठवायला नको म्हणून दिवा लावला नाही. नंतर बसलो तेव्हा लक्षात आलं, माझं बोट चापावर होतं. बाहेर नाही, चापावर. वर्गात घोकलेला नियम, नेम निश्चित होईपर्यंत बोट चापाबाहेर, आणि माझं बोट आत.

तुम्ही पिस्तूल, शॉटगन काहीही घ्या, आधी टॉर्च घ्या. हातातला, वेगळा. पिस्तुलाला लावायचे मिळतात, पण त्याने बघायचं म्हणजे जिकडे उजेड तिकडे नळी. आणि आधी हाक मारा, नाव घेऊन.

प्रतिसाद ५

वरच्या प्रतिसादाला +१. दक्षिण आफ्रिकेचा धावपटू ऑस्कर पिस्टोरियस आठवतोय ना? फेब्रुवारी २०१३, संडासाच्या बंद दारातून चार गोळ्या. आत चोर आहे असं वाटलं, हा त्याचा बचाव. आत त्याची मैत्रीण होती. अखेर खुनासाठीच दोषी ठरला.

प्रतिसाद ६

वाद नको म्हणालात, म्हणून वाद घालत नाही, एकच प्रश्न विचारतो. सध्या घरात कुणी खचलेलं आहे का?

मी मानसोपचार क्षेत्रात आहे. २०१४ साली आधीच्या बऱ्याच अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला. हाताशी बंदूक असलेल्यांमध्ये आत्महत्येचं प्रमाण सुमारे तिप्पट दिसलं. कॅलिफोर्नियातला कोट्यवधी लोकांचा २०२० चा अभ्यास आहे : पिस्तूल-रिव्हॉल्व्हर बाळगणाऱ्या पुरुषांचा स्वतःच्या गोळीने मृत्यू होण्याचं प्रमाण न बाळगणाऱ्यांच्या जवळपास आठपट. कारण गुंतागुंतीचं नाही. आत्महत्येचा तो झटका बऱ्याचदा थोड्या वेळाचा असतो, आणि इतर मार्गांत परतीची वाट मिळते तशी इथे क्वचितच मिळते. मुलं लपवलेल्या वस्तू शोधतात हे सगळ्यांना ठाऊक असतं. मोठ्यांचा विचार कुणी करत नाही.

धागाकर्ता

उत्तर द्यायला चार दिवस लागले, माफ करा.

आईला विचारलं. ती म्हणाली, "मला नको ते. आणि कुठे ठेवणार तेही सांगू नकोस." मी का म्हटलं. ती टीव्हीकडे बघत म्हणाली, "बाबा गेल्यापासून रात्री झोप कुठे येते." एवढंच. मी बाजूला बसून राहिलो. डॉक्टरांची वेळ घेतली आहे, बायको सोबत जाणार आहे. प्रतिसाद ६, तुम्ही विचारलं नसतं तर मी तिला पिस्तूल चालवायला शिकवत बसलो असतो.

आतापर्यंत ठरलेलं : चौकटीला लोखंडी पट्टी आणि लांब स्क्रू. दारावर उजेड आणि घंटा. दोन टॉर्च. ९ मिलिमीटरचं पूर्ण आकाराचं पिस्तूल, छोटं नाही; वजनाने धक्का कमी बसतो आणि बायकोला स्लाइड ढकलता येते, बघून झालं. पण आई थोडी सावरेपर्यंत ते घरात येणार नाही, रेंजवरचंच भाड्याने वापरून सराव करू. दोघांचीही नावं वर्गात घातली आहेत. कायद्याने गोळी कधी झाडता येते हे समजून घ्यायला वकिलाचीही भेट ठरली आहे.

काल रात्री रिकाम्या हातांनी तालीम केली. अंथरुणातून उठून मुलीला उचलून परत खोलीत येऊन दार लावेपर्यंत एकवीस सेकंद. त्यातले सहा चष्मा शोधण्यात गेले.

शेवटचं एक : पुढे तिजोरी घेऊ तेव्हा बोटांच्या ठशाची बरी की बटणांची?

प्रतिसाद २

बटणांची. ओल्या, घामेजल्या बोटाचा ठसा ऐन वेळी लागेलच असं नाही. पलंगाशेजारी, भिंतीतल्या लाकडाला किंवा जमिनीला बोल्टने आवळून टाका, नाहीतर चोर तिजोरीसकट उचलून नेतो. आकडा कुणाच्या वाढदिवसाचा ठेवू नका, मुलीला पहिल्या तीन प्रयत्नांत सापडेल. जास्तीची किल्ली घराबाहेर, भावाकडे वगैरे. बॅटरी दर सहा महिन्यांनी बदला.

आणि चष्म्याला ठरलेली जागा द्या.