पंधरा मिनिटांनी फ्रेम निम्म्यावर येतात, काय करू?

प्रश्न: लॅपटॉपवर गेम सुरू केला की सुरुवातीला ७०-७५ एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम, म्हणजे चित्रं) मिळतात. पंधरा मिनिटं झाली की एकदम ३०. ग्राफिक्स लो केले, ड्रायव्हर नवा टाकला, चार्जर लावलेलाच असतो, फरक शून्य. रोज रात्री धाकट्या बहिणीबरोबर तासभर खेळतो, तेवढाच वेळ आम्हाला मिळतो. म्हणून फार जीव तुटतो.

उत्तर १: आधी नीट चालून मग पडतात, म्हणजे बहुतेक गरम होतोय. प्रोसेसर फार तापला की स्वतःला वाचवायला वेग उतरवतो. खेळताना तापमान आणि क्लॉक स्पीड (प्रोसेसरचा वेग) स्क्रीनवर ठेव, फ्रेम पडतात त्याच क्षणी आकडे बघ.

प्रश्नकर्ता: बघितलं. सोळाव्या मिनिटाला ९७ अंश, क्लॉक ४.१ गिगाहर्ट्झवरून थेट १.८!

उत्तर २: मग लॅपटॉपचं खालचं झाकण उघडून धूळ काढच. आधी बॅटरीची पिन काढ. हवा मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेव, गरगरू देऊ नकोस, बेअरिंग जातं. वरवरच्या धुळीवर समाधान मानू नकोस. पंखा आणि तांब्याच्या नळीजवळची जाळी, त्या दोघांच्या मधे बघ. शिवाय फ्रेमची मर्यादा ६० वर बांध, उगाच उष्णता वाढत नाही.

प्रश्नकर्ता: अगदी तिथेच होती! धुळीची करडी पट्टी, जाड कापडासारखी, चिमट्याने अख्खी निघाली. काल तासभर खेळलो, ८२ अंशांच्या वर गेला नाही, ६० फ्रेम हलल्या नाहीत. मनापासून आभार. बहिणीलाही दाखवली ती पट्टी.