मदत हवी आहे: लहान वयातला स्किझोफ्रेनिया, मेंदूचे ते लाल नकाशे आणि दरवर्षी एमआरआयचा हट्ट

नमस्कार.

माझ्या धाकट्या दिरांच्या मुलाला (वय 11) लहान वयात सुरू झालेला स्किझोफ्रेनिया असण्याची शक्यता मानसोपचारतज्ज्ञांनी सांगितली आहे. पक्कं निदान अजून नाही, औषध सुरू आहे. डॉक्टर, दवाखाना यातलं काही लिहीत नाही, कृपया व्यनितही (खाजगी निरोपातही) विचारू नका.

पोरगा पोळीचे पापुद्रे सुटे करून आत काही घातलंय का ते बघतो, मगच खातो, तेही आईनं आधी एक घास खाल्ला तर. टीव्हीचा लाल दिवा त्यानं चिकटपट्टीनं झाकलाय, तिथून 'तो' बघतो म्हणून. वहीत एकच ओळ गिरवत बसतो. बोलायला उशिरा लागला होता, मुलांत मिसळायचा नाही, पण तेव्हा घरात सगळ्यांनी 'आजोबांवर गेलाय' म्हणून सोडून दिलं.

धागा काढायचं कारण मात्र दिरांना नेटवर सापडलेले मेंदूचे नकाशे. 2001 साली पॉल थॉम्पसन, ज्युडिथ रॅपोपोर्ट आणि सहकाऱ्यांनी ते छापले. आजारी मुलं 12, निरोगी 12, पाच वर्षांत पुन्हा पुन्हा काढलेले एमआरआय. आजारी मुलांत ग्रे मॅटरची (मेंदूतल्या पेशींच्या करड्या थराची) घट आधी डोक्याच्या वरच्या-मागच्या बाजूला, पराएटल भागात दिसते आणि मग कानांजवळच्या टेम्पोरल भागाकडे, कपाळामागे सरकत जाते. चित्रात ते सगळं लालभडक. दीर फाउंड्रीत क्वालिटी बघतात. "मोजलं नाही तर औषध लागू पडतंय हे कळणार कसं?" हा त्यांचा हेका. पहिला एमआरआय नॉर्मल आला तर त्यांना मशीनवरच संशय. आता दरवर्षी 3 टेस्लाच्या, म्हणजे जास्त ताकदीच्या मशीनवर काढायचा म्हणतात. जाऊबाई रात्री भांडी आवरताना विचारतात, "ताई, आज किती गेला असेल हो त्याचा मेंदू?" यावर काय बोलायचं?

मी ज्युनिअर कॉलेजला जीवशास्त्र शिकवते, त्यामुळे वाचायचं काम माझ्याकडे आलं. अमेरिकेत बेथेस्डाच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत 1990 च्या सुमारास हा अभ्यास सुरू झाला. तेरावं वर्ष लागण्याआधी... चुकले, तेरावा वाढदिवस होण्याआधी आजार सुरू झालेलीच मुलं घेतली, आणि ती इतकी विरळा की देशभरातून शोधावी लागली. दाखल करून, औषधं थांबवून निरीक्षण केल्यावर बऱ्याच मुलांचं निदानच बदललं. मला ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वाटली. त्या चित्रांखाली ती कोणी लिहीत नाही.

शिवाय ग्रे मॅटर वयात येताना सगळ्यांचंच उतरतं. जे गिड यांच्या 1999 च्या मोजमापात कपाळामागचं ग्रे मॅटर साधारण 11-12 व्या वर्षी सर्वाधिक भरतं, पुढे कमी होत जातं. नितीन गोगटे वगैरेंनी 2004 मध्ये 13 निरोगी मुलांचा वर्षानुवर्षं मागोवा घेतला, त्यातही हाच उतार दिसला. म्हणजे लाल रंग नेहमीच्या उताराचा वाढलेला वेग दाखवतो, आणि तो वेग विशीकडे मंदावतो. बरोबर समजलेय ना?

माझे प्रश्न: एकाच मुलाचा एमआरआय दरवर्षी काढून त्याच्याबद्दल काही कळतं का? ही घट औषधानंच होते का (जाऊबाईंची भीती, दोनदा गोळी चुकवून झाली आहे)? त्याच्या 15 वर्षांच्या बहिणीचं काय? आणि दुसरं मत घ्यायला कुठे जावं?

प्रतिसाद: निवांत_ओपीडी

मानसोपचारात काम करतो. मुलाला तपासलेलं नाही, ते लक्षात ठेवून वाचा.

तुमचं वाचन बरोबर आहे. एमआरआय आपण मुख्यतः दुसरं काही नाही ना, हे बघायला काढतो. या वयात आकडी, ऑटोइम्यून एन्सेफलायटिस (प्रतिकारशक्तीनंच मेंदूला आणलेली सूज), विल्सनचा आजार (अंगात तांबं साठणं) असले प्रकार आधी वगळायचे असतात. ते वगळले गेले असतील तर रिपोर्ट नॉर्मल येणं ही अपेक्षित गोष्ट आहे, मशीनचा दोष नाही. ते नकाशे गटाच्या सरासरीचे आहेत. तुमच्या दिरांच्या भाषेत सांगायचं तर शंभर कास्टिंगची सरासरी जाडी कमी भरली, म्हणून हातातलं एक बाद ठरत नाही. त्यात पोरानं मशीनमध्ये जरा मान हलवली, किंवा पुढच्या वर्षी दुसरं मशीन मिळालं, की वर्षभराच्या खऱ्या बदलाएवढा फरक नुसता मोजण्यात पडतो. औषध लागू पडतंय का हे पोळी सांगेल. पापुद्रे न सोडवता खायला लागला की लिहून ठेवा. झोप, शाळा, बोलणं, तेही लिहा.

आणि एमआरआयला पेशी दिसत नाहीत. ग्रे मॅटर पातळ दिसलं याचा अर्थ पेशी मेल्या असा होत नाही. पेशींमधले जोड छाटले जाण्याची प्रक्रिया किशोरवयात सगळ्यांत होते. या आजारात ती प्रमाणाबाहेर जात असावी, असं आयर्विन फाइनबर्ग यांनी 1982 मध्येच मांडलं होतं. 2016 मध्ये सुमारे 65 हजार लोकांच्या जनुकीय माहितीतून सी-4 या जनुकाचा धागा मिळाला, आणि उंदरांमध्ये तेच जनुक जोड छाटण्यात भाग घेतं असं दिसलं. कल्पनेला बळ मिळालं. पण त्यातून अजून पोराला द्यायची गोळी निघालेली नाही.

औषधाबद्दल. 2001 च्या अभ्यासात तीच औषधं घेणारा, पण स्किझोफ्रेनियाचं निदान नसलेला गटही होता. त्यांच्यात तेवढी घट दिसली नाही. मोठ्या माणसांच्या पुढच्या काही अभ्यासांत औषधांचाही थोडा वाटा असावा असं आलंय, तो वाद चालू आहे. मात्र गोळी बंद केल्यावर आजार उलटतो, याबद्दल वाद नाही. जाऊबाईंना समोर बसवून हे डॉक्टरांच्याच तोंडून ऐकवा.

बहिणीबद्दल ऐकण्यासारखं आहे. गोगटेंच्याच 2007 च्या अभ्यासात अशा मुलांच्या 52 निरोगी भावंडांत लहानपणी थोडी घट दिसली, ती विशीपर्यंत बरीचशी भरून निघाली. तिला उगीच मशीनमध्ये घालू नका. तिच्या वागण्यात ठळक बदल दिसला तर भेटा, बस्स.

पैसे खर्चायचेच असतील तर दुसऱ्या एमआरआयऐवजी 22क्यू11 डिलिशनची (22 व्या गुणसूत्राचा छोटा तुकडा गळालेला असण्याची) जनुकीय तपासणी करावी का, ते विचारा. या आजाराच्या मुलांत ती सर्वसामान्यांपेक्षा बरीच जास्त सापडते. बोलायला उशीर होताच. हृदयाचा किंवा टाळूचा जन्मजात दोष असेल तर तोही सांगा.

प्रतिसाद: आनंदघन७

ब्राह्मी, शंखपुष्पी आणि गाईचं तूप द्या. एमआरआयची गरजच पडणार नाही.

प्रतिसाद: निवांत_ओपीडी

आनंदघन, तूप पोळीला लावायला हरकत नाही. बाकी काहीही चालू गोळ्यांसोबत डॉक्टरांना न विचारता देऊ नये.

प्रतिसाद: रेवाची_आई

माझ्या मुलीला बाराव्या वर्षी सुरू झालं, आता ती विशीत आहे. ते नकाशे मीही बघितलेत. ते बघून तिला काय द्यायचं, कुठल्या शाळेत घालायचं, यातलं काही ठरलं नाही.

दुसऱ्या मतासाठी बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेचा मुलांचा मानसोपचार विभाग बघा. लांब पडतं, पण अशा विरळा निदानात लहान मुलांचेच तज्ज्ञ हवेत. जाताना तुमची निरीक्षणाची वही आणि फोनवर काढलेले दोन-तीन व्हिडिओ न्या, कारण तिथे पोरं नेमकी शहाण्यासारखी बसतात. पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन आहे, कॅनडात कॅलगरीला प्राध्यापक राहिलेल्या दिवंगत जगन्नाथ वाणींच्या पुढाकारातून सुरू झालेली. त्यांच्याकडे घरच्यांसाठी स्वमदत गट चालतो. जाऊबाईंना तिथे घेऊन जा. अडीनडीला टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर आहे, मराठीतही बोलतात.

क्लोझापिन या औषधाचा विषय पुढे कधी निघाला तर नाव ऐकून दचकू नका. दोन औषधांनी भागलं नाही की ते देतात. 1996 मध्ये याच बेथेस्डाच्या गटानं 21 मुलांत हॅलोपेरिडॉल या जुन्या औषधाशी त्याची तुलना केली, त्यात ते सरस ठरलं. पांढऱ्या पेशी उतरण्याचा धोका असतो, म्हणून सुरुवातीला दर आठवड्याला रक्त तपासावं लागतं. दिरांना आकडेच हवेत ना? ते रिपोर्ट त्यांच्याकडे सोपवा, खरोखर उपयोगी पडतील.

प्रतिसाद: धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. निवांत, कास्टिंगचं वाक्य दिरांना वाचून दाखवलं. त्यांनी आधी "सॅम्पल साइज फक्त 12?" विचारलं आणि मग मशीन बदललं तर गेज बदलल्यासारखंच की, असं स्वतःच म्हणाले. एमआरआय तूर्त बारगळलाय. वही त्यांनीच आखलीय, रकाने पाडून.

हृदयाचा दोष नाही, पण टाळूचं म्हणालात त्यावरून लहानपणी दूध नाकातून यायचं, असं जाऊबाईंना आत्ता आठवलं. हे डॉक्टरांना सांगण्यासारखं आहे का? आणि रेवाची आई, निम्हान्सला पहिल्या भेटीसाठी इथल्या डॉक्टरांची चिठ्ठी लागते की तसंच जाऊन केसपेपर काढता येतो?